चिनवद पुलावरून दान्तेकडे

आमच्या गिरगावातल्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, संकष्टीच्या चंद्रोदयाभोवती आईने ओढलेलं वर्तुळ. त्याच चौकटींत बारीक अक्षरांत मुस्लिम आणि पारशी महिन्यांचे आरंभही छापलेले असतात. कित्येक वर्षं माझी नजर त्यांच्यावरून नुसती घसरून जायची. एकदा मात्र ती ‘शब-ए-मेराज’ या शब्दांवर अडली. शब म्हणजे रात्र हे माहीत होतं. मेराज म्हणजे काय, हे शोधायला गेलो आणि पुढची दोन-तीन वर्षं त्यातून बाहेर पडलोच नाही.

मेराज म्हणजे वर चढणं, आणि ज्यावरून चढायचं ती शिडीसुद्धा. रज्जब महिन्याच्या सत्ताविसाव्या रात्री हजरत मुहंमद पैगंबर मक्केहून जेरुसलेमला आणि तिथून सात आकाशं ओलांडून ईश्वराच्या सान्निध्यात गेले, अशी श्रद्धा आहे. वाट दाखवायला देवदूत जिब्राईल. कुराणात याचा उल्लेख अगदी थोडक्यात आहे. तपशील भरले ते हदीसांनी, आणि पुढे शतकानुशतकं कथा सांगणाऱ्यांनी. प्रत्येक आकाशात एकेक जुने पैगंबर भेटतात. परतीच्या वाटेवर मूसा विचारतात, रोज किती नमाज सांगितले? पन्नास. मूसा म्हणतात, तुमच्या लोकांना झेपायचं नाही, जाऊन कमी करून आणा. अशा खेपा होत होत पाच उरतात. हा भाग मला फार आवडतो. स्वर्गाच्या दारातसुद्धा माणसांची बाजू घेणारं कुणीतरी आहे.

गिरगावातून बाहेर पडून तासाभराची पायपीट केली, तर ही वर जाण्याची गोष्ट तीन ठिकाणी भेटते. भेंडी बाजाराकडे गेलात तर त्या रात्री मशिदींवर रोषणाई असते आणि लोक जागत प्रार्थना करतात. केम्प्स कॉर्नरच्या बाजूने मलबार हिल चढायला लागलात तर झाडीत दडलेली डुंगरवाडी, पारशांची अंत्यविधीची जागा, आहे. पारशी माणूस गेल्यावर पहिले तीन दिवस त्याचा आत्मा सरोश या देवदूताच्या सांभाळात असतो आणि चौथ्या दिवशी पहाटे तो परलोकाच्या वाटेवरच्या चिनवद पुलाशी पोचतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्या पहाटेसाठीच्या प्रार्थना इथे आजही होतात. तिसरं ठिकाण फोर्टातलं, टाऊन हॉल. तिथल्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं एक मध्ययुगीन हस्तलिखित आहे. नरक, शुद्धिपर्वत आणि स्वर्ग असा जिवंतपणी केलेला प्रवास सांगणारं ते महाकाव्य.

या तीन गोष्टींचं एकमेकींशी काही नातं आहे का, हा प्रश्न युरोपात १९१९ मध्ये मोठं वादळ उठवून गेला. पण त्याच्या सत्तावीस वर्षं आधी त्या प्रश्नाचं एक टोक आपल्या मुंबईत धरलं गेलं होतं, आणि तेही एका अग्यारीतल्या मोबेदाने, म्हणजे पारशी धर्मगुरूने.

जीवनजी जमशेदजी मोदी. जन्म १८५४. वडील कुलाब्याच्या अग्यारीचे मुख्य धर्मगुरू होते. त्यांच्यामागे ती जबाबदारी तरुण जीवनजींवर आली. १८९३ पासून १९३० पर्यंत ते पारशी पंचायतीचे सेक्रेटरी होते. म्हणजे दिवसा समाजाचा कारभार, पहाटे-संध्याकाळी अग्नीसमोरच्या प्रार्थना, आणि उरलेल्या वेळात लेखन. लिहिलं तरी किती! पारशांच्या धार्मिक विधींवरचं त्यांचं १९२२ सालचं पुस्तक आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. १८९२ मध्ये त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे एक निबंध वाचला. विषय होता दान्तेची ‘डिव्हाइन कॉमेडी’ आणि अर्दा विराफचं ‘विराफनामा’. पुढे १९१४ मध्ये या विषयावरचे त्यांचे लेख ‘दान्ते पेपर्स’ या नावाने पुस्तकरूपात आले.

त्या सभेचं चित्र मी मनात पुष्कळदा उभं केलं आहे. टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या चढायच्या, जाडजूड खांबांमधून आत शिरायचं. आत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा संगमरवरी पुतळा. दान्तेचं हस्तलिखित सोसायटीला देणारा तो हाच. मुसोलिनीने या हस्तलिखितासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीने नकार दिला, ही गोष्ट मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दान्तेच्या स्वतःच्या हातची एक ओळही आज कुठे शिल्लक नाही. जे आहे ते नकलकारांनी केलेल्या प्रतींमधून, आणि अशा जवळजवळ आठशे प्रती जगभर विखुरल्या आहेत. त्यातली एक ज्या सोसायटीच्या कपाटात, त्याच सोसायटीपुढे पांढरी पगडी घातलेला एक मोबेद उभा राहतो आणि सांगतो की दान्तेच्या कितीतरी आधी आमच्या एका माणसाने हा प्रवास केला होता.

विराफचा प्रवास जवळून पाहण्यासारखा आहे.

सिकंदराच्या स्वारीत इराणची धर्मपुस्तकं जळाली, धर्मगुरू मारले गेले आणि लोकांच्या मनात शंका शिरल्या. आपण म्हणतो त्या प्रार्थना पोचतात तरी का? म्हणून धर्मगुरूंनी ठरवलं, कुणालातरी पलीकडे पाठवून खात्री करून घ्यायची. निवड झाली विराफची. त्याला सात बहिणी. त्या रडत आल्या आणि म्हणाल्या, आम्ही सात तुळया आहोत आणि हा आमच्याखालचा एकुलता खांब. खांब काढलात तर तुळया कोसळतील. त्यांना शब्द देण्यात आला की सात दिवसांत भाऊ धडधाकट परत मिळेल. मग सुविचार, सुवचन आणि सुकृत्य यांसाठी एकेक असे मंगमिश्रित मद्याचे तीन पेले विराफने घेतले. मंग म्हणजे भांगेसारखं गुंगी आणणारं द्रव्य. तो आडवा झाला. अग्नी तेवत ठेवून मोबेद आणि बहिणी सात दिवस-रात्री त्याच्याभोवती मंत्र म्हणत बसले.

इकडे त्याचा आत्मा चिनवद पुलाशी पोचला. सोबत दोन वाटाडे, सरोश आणि अग्निदेवता आदर. पुण्यवान माणसासाठी हा पूल कित्येक भाल्यांइतका रुंद होतो. पापी माणसाच्या पायाखाली तो वस्तऱ्याच्या पात्यासारखा उभा राहतो. पुलाशी एक सुंदर मुलगी सामोरी येते. आत्मा विचारतो, तू कोण? ती सांगते, मी तुझीच कृत्यं. पापी माणसाला तिथेच एक ओंगळ बाई भेटते, आणि तिचंही उत्तर तेच असतं.

पुढे ज्यांचं पाप-पुण्य अगदी समसमान आहे अशांची एक जागा लागते. मग ताऱ्यांचा, चंद्राचा आणि सूर्याचा असे स्वर्गाचे टप्पे, आणि त्यांच्याही वर परम प्रकाशाचं घर, गरोदमान. नंतर नरक. तिथे आग आहे तशी हाडं गोठवणारी थंडीही आहे. दुर्गंध आहे, आणि हाताला लागेल असा घट्ट काळोख आहे. कान आणि डोळा जितके जवळ तितके आत्मे एकमेकांना खेटून उभे आहेत, घोड्याच्या आयाळीत केस असावेत इतके. तरी प्रत्येकाला वाटतं की इथे मी एकटाच आहे. संध्याकाळी दादरच्या पुलावरून उतरताना मला हे चित्र पुष्कळदा आठवतं. हजार-बाराशे वर्षांपूर्वी पहलवी या जुन्या इराणी भाषेत लिहिणाऱ्या कुणा मोबेदाला गर्दीतला एकटेपणा कसा काय सुचला असेल!

सातव्या दिवशी विराफ उठला, बहिणींचा जीव भांड्यात पडला. त्याने आधी पोटभर जेवून घेतलं आणि मग लेखनिकाला बोलावून सगळं सांगितलं.

हे पुस्तक जगापुढे नीट आलं त्याचा मार्गही आपल्याच मुलखातून गेला आहे, आणि तोही मोठा गमतीचा आहे. पहलवी मजकूर सिद्ध केला पुण्याचे दस्तूर होशंगजी जामास्पजी आसा यांनी. तो तपासला मार्टिन हाउग या जर्मन पंडिताने. ते १८५९ पासून सहा-सात वर्षं पुण्याच्या कॉलेजात संस्कृत अध्यापनाचे प्रमुख होते. तिसरा हात ई. डब्ल्यू. वेस्ट यांचा. हे वेस्ट मुंबईत आले १८४४ मध्ये, कापसाच्या गठ्ठ्यांच्या प्रेसवर देखरेख करायला. पुढे ते जी.आय.पी. रेल्वेत गेले आणि तिचे मुख्य अभियंता झाले. म्हणजे परळ-दादरवरून आपण रोज लोकलने जातो ती ही रेल्वे. फावल्या वेळात त्यांनी कान्हेरीच्या लेण्यांमधले शिलालेख उतरवून घेतले, पारशांच्या सहवासात पहलवीची गोडी लागली, आणि शेवटी युरोपातल्या पहिल्या रांगेच्या पहलवी पंडितांत त्यांची गणना झाली. पुण्याचा दस्तूर, जर्मन प्राध्यापक आणि मुंबईचा रेल्वे इंजिनिअर यांनी मिळून केलेलं ‘अर्दा विराफ’चं पुस्तक १८७२ मध्ये मुंबई आणि लंडनहून प्रसिद्ध झालं. वीस वर्षांनी मोदींनी ते दान्तेशेजारी ठेवलं.

शेजारी ठेवल्यावर काय दिसलं? दोघांनाही वाटाडे. दान्तेला नरकात आणि शुद्धिपर्वतावर व्हर्जिल, स्वर्गात बेआत्रिचे. दोघांच्याही प्रवासात पापाप्रमाणे शिक्षा, आणि ‘हा कोण, याने काय केलं?’ असं विचारत पुढे जाण्याची तीच रीत. स्वर्ग दोन्हीकडे ग्रहताऱ्यांच्या पायऱ्यांनी चढणारा. नरकाच्या खोल भागात एकीकडे दुष्टशक्ती अहरिमन, दुसरीकडे ल्युसिफर. मोदींनी तिसरं पुस्तकही जोडीला घेतलं, ते आयर्लंडचं: संत अ‍ॅडमनानला झालेलं परलोकदर्शन. ही निवड फार विचारपूर्वक होती. कारण ते दर्शन दान्तेच्या आधीचं आणि खुद्द ख्रिस्ती परंपरेतलं होतं. ते कसं उपयोगी पडतं, ते पुढे येईलच. नऊ वर्षांनी, १९०१ मध्ये, पॅरिसच्या ब्लोशे या पंडितानेही दान्तेच्या पौर्वात्य उगमांवर पुस्तक लिहिलं.

मग आला १९१९ चा जानेवारी. माद्रिदमध्ये स्पॅनिश अकादमीत नव्या सभासदाचं स्वागत होतं. मिगेल आसीन पालासिओस हे कॅथलिक पाद्री, सारागोसाचे, विद्यापीठात अरबीचे प्राध्यापक. संत थॉमस अक्वायनसच्या विचारांत मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्दचं देणं किती, हे त्यांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या मुख्य खांबालाच हात घातलेला हा माणूस आता त्याच्या मुख्य कवीकडे वळला. त्यांच्या भाषणाचा विषय होता ‘डिव्हाइन कॉमेडीतला इस्लामी परलोकविचार’.

त्यांचं म्हणणं होतं की दान्तेचा आराखडा मेराजच्या कथांशी इतका बारकाव्याने जुळतो की तो योगायोग असूच शकत नाही. नरक जेरुसलेमखाली नरसाळ्यासारखा थराथरांनी खोल गेलेला. वाटाडा समजावत नेतो. शुद्धीसाठी नद्यांचं स्नान. वर गेल्यावर डोळे दिपवणारा प्रकाश आणि त्याभोवती देवदूतांची वर्तुळं. मेराजकथेत आकाशात एक अवाढव्य कोंबडा आहे, त्याचं गाणं ऐकून पृथ्वीवरचे कोंबडे आरवतात. दान्तेच्या गुरूच्या आकाशात पुण्यात्म्यांच्या ठिणग्यांनी बनलेला गरुड आहे. स्पेनच्या मुर्सियात ११६५ मध्ये जन्मलेल्या इब्न अरबी या सूफीच्या लेखनातला आत्म्याचा ऊर्ध्वप्रवास आसीननी पुढे केला, तसंच अकराव्या शतकातला सीरियातला अंध कवी अल-मआर्री याचा स्वर्ग-नरकात कवींना भेटत हिंडणारा ग्रंथही.

इटलीत काय झालं असेल, याची कल्पना मराठी माणसाला सहज येईल. उद्या कुणी येऊन सांगितलं की ज्ञानेश्वरीचा आराखडा परक्या पुस्तकातून घेतला आहे, तर? त्यातून १९२१ हे दान्तेच्या मृत्यूचं सहाशेवं वर्ष. उत्सवाची तयारी चाललेली. वाद इतका पेटला की १९२४ मध्ये आसीननी त्या वादाचाच इतिहास लिहून काढला.

इथे थांबून स्वतःला विचारायला हवं की एकाने दुसऱ्याकडून घेतलं हे सिद्ध करतात तरी कसं? या बाबतीत मुंबईने फार आधी एक धडा दिलेला आहे. आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने मांडलं होतं की रामायणावर होमरची छाया आहे. त्याला उत्तर दिलं ते आपल्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी, १८७३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. पळवून नेलेली स्त्री आणि तिच्यासाठी झालेलं युद्ध दोन्हीकडे आहे म्हणून एकाने दुसऱ्याचं घेतलं असं होत नाही, हे त्यांनी वकिलाच्या चोखपणाने दाखवलं. हेच तेलंग १८९२ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले, ज्या वर्षी मोदींनी निबंध वाचला त्याच वर्षी. मला हा योग फार मोलाचा वाटतो. एक साम्य उलगडून दाखवतो आहे, दुसऱ्याने साम्याला भुलू नका म्हणून आधीच बजावून ठेवलं आहे.

तेलंगांची कसोटी लावून पाहू. स्वर्ग वर आणि नरक खाली, ही कल्पना कुणाकडून उसनी घ्यावी लागत नाही. आपल्याकडे घरात कुणी गेलं की दहा दिवस गरुडपुराण वाचतात. त्यात यमदूत, यातनांचे प्रकार आणि वैतरणी सगळं आहे. (जवळपास त्याच नावाच्या खऱ्या नदीवरच्या तलावांचं पाणी आपल्या मुंबईच्या नळांना येतं.) महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर जिवंतपणी नरक पाहून येतो. तेव्हा असली साम्यं बाजूला ठेवायची. शिडी? सोन्याची, नजर पोचणार नाही इतकी उंच शिडी दान्तेच्या शनीच्या आकाशात आहे आणि मेराजचा अर्थच शिडी. पण बायबलात याकोबाच्या स्वप्नातही शिडी आहे, आणि ते बायबल दान्तेच्या उशाशी होतं. सर्वांत ठळक दिसणारं साम्य इथे सर्वांत लेचंपेचं ठरतं. मग बर्फ? दान्तेच्या नरकाच्या तळाशी आग नाही, गोठलेलं सरोवर आहे. विराफच्या नरकात थंडी आहे, इस्लामी परंपरेतही जमहरीर नावाची कडाक्याची थंडी आहे. मीसुद्धा इथे टेबलावर हात आपटला होता. पण दान्तेच्या आधी लिहिलेल्या आयरिश परलोककथांमध्येही गोठवणारी थंडी सापडते. मोदींनी अ‍ॅडमनानला सोबत घेतलं त्याचं मोल इथे कळतं. पूर्वेचा धागा ओढायच्या आधी पश्चिमेकडचाही एक हातात असावा लागतो.

काही साम्यं मात्र या चाळणीतून खाली पडत नाहीत. चिनवद पूल जरथुष्ट्राच्या गाथांमध्ये आहे, म्हणजे इस्लामच्या कितीतरी शतकं आधी. इस्लामी परंपरेतला सिरात हा पूल केसाहून बारीक आणि तलवारीहून धारदार. इतका विशिष्ट तपशील, आणि तोही शेजारच्याच देशात, सातव्या शतकात ज्यांचं राज्य अरबांनी जिंकलं त्या लोकांकडे. इथे मला तरी देवघेव स्पष्ट दिसते. पण ‘अर्दा विराफ’च्या आजच्या संहितेला शेवटचा हात फिरला तो बहुधा नवव्या-दहाव्या शतकात, इराणमध्ये इस्लाम रुजल्यानंतर. मग त्यातलं काय जुनं आणि काय शेजाऱ्यांकडून परत आलेलं, हे वेगळं काढणं जिकिरीचं आहे. हजार वर्षं एकाच आळीत राहणाऱ्या दोन घरांमधली वाटी कुणाची, असा हा प्रश्न.

आसीन यांच्यापुढची अडचण याहून साधी आणि मोठी होती. दान्तेला अरबी येत नव्हतं. तो मेराजची कथा वाचणार कशी? मधला दुवा हवा होता. असं एखादं भाषांतर असणारच, यावर त्यांचा विश्वास होता. हातात मात्र काही नव्हतं. १९४४ मध्ये ते गेले.

पाच वर्षांनी, १९४९ मध्ये, तो दुवा सापडला. एनरिको चेरुल्ली या इटालियनाने आणि मुन्योस सेन्दिनो या स्पॅनिश अभ्यासकाने स्वतंत्रपणे, एकाच वर्षी, एकच पुस्तक छापलं: ‘मुहंमदाच्या शिडीचं पुस्तक’. लॅटिन हस्तलिखितं पॅरिस आणि व्हॅटिकनला पडून होती, जुनं फ्रेंच हस्तलिखित ऑक्सफर्डला. दान्तेच्या जन्माच्या जेमतेम एक वर्ष आधी, १२६४ मध्ये, स्पेनच्या आल्फोन्सो दहावा या विद्याव्यासंगी राजाच्या दरबारात हे भाषांतर झालं. अरबीतून स्पॅनिशमध्ये आणलं अब्राहम या यहुदी वैद्याने. त्यावरून लॅटिन आणि फ्रेंच केलं बोनाव्हेन्तुराने, आणि हा बोनाव्हेन्तुरा होता सिएनाचा. सिएना म्हणजे दान्तेच्या फ्लॉरेन्सचं शेजारचं गाव.

मुसलमानांची कथा, यहुद्याने उतरवलेली, ख्रिस्ती राजाच्या हुकमाने, इटालियन लेखनिकाच्या हातून. पायऱ्या माणकांच्या, पाचूंच्या, मोत्यांच्या. अब्राहम वैद्य मोठ्याने वाचतो आहे, लेखनिक एखाद्या शब्दाशी अडून ‘याचा नेमका अर्थ काय?’ विचारतो आहे, असं मी डोळ्यांपुढे आणतो तेव्हा पुण्यातले होशंगजी आणि हाउग मला तिथेच शेजारी बसलेले दिसतात.

हे पुस्तक दान्तेने वाचलं होतं का? वाचल्याचा पुरावा नाही. दान्तेचे गुरुतुल्य ब्रुनेत्तो लातिनी १२६० मध्ये आल्फोन्सोकडे वकील म्हणून गेले होते, पण भाषांतर झालं त्याच्या चार वर्षं आधी. दान्तेनंतर काही दशकांनी फाझिओ देल्यी उबेर्ती हा तस्कन कवी या शिडीच्या पुस्तकाचा नावानिशी उल्लेख करतो. म्हणजे त्या मुलखात ते माहीत होतं. माझ्या मते मेराजची कथा दान्तेच्या कानांवर नक्की असावी. आसीन म्हणतात तसा सगळा आराखडा तिच्यावर बेतला, हे मला पटत नाही.

दान्तेने उघडपणे जे मान्य केलं तेही थोडं नाही. इस्लामबद्दल त्याने ‘कॉमेडी’तल्या नरकात एके ठिकाणी फार कठोर, अन्यायकारक लिहिलं आहे. मध्ययुगीन युरोपचा पूर्वग्रह त्यात जसाच्या तसा आहे आणि ते वाचून मन खट्टू होतं. पण त्याच नरकाच्या उंबऱ्यावर, जिथे यातना नाहीत, होमर आणि ॲरिस्टॉटलच्या पंगतीत त्याने इब्न सिना आणि इब्न रुश्द यांना मानाने बसवलं, आणि एका बाजूला एकटा उभा सुलतान सलादीन. मग तो ठिणग्यांचा गरुड. आसीनना ज्यात मेराजचा कोंबडा दिसला, त्याच्या तोंडून दान्ते स्वतःच्या मनातली शंका बोलून दाखवतो. सिंधूच्या काठी एक माणूस जन्मला. तिथे ख्रिस्ताबद्दल सांगणारं, लिहिणारं कुणी नाही. त्याची सगळी कृत्यं चांगली, बोलण्या-वागण्यात पाप नाही. तो बाप्तिस्म्याविना मेला, तर त्याला शिक्षा देणारा हा कुठला न्याय? गरुड आधी दटावतो, तू कोण विचारणारा? आणि पुढे म्हणतो की ख्रिस्ताचं नाव घेणाऱ्या पुष्कळांपेक्षा त्याला न ओळखणारे न्यायाच्या दिवशी त्याच्या अधिक जवळ असतील. तुमच्या राजांची पापवही उघडेल तेव्हा पर्शियन लोक त्यांना काय म्हणतील! सातशे वर्षांपूर्वी फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेला एक माणूस आपल्याबद्दल, सिंधूकाठच्या कुणा अनामिकाबद्दल, असा बेचैन होतो. ही बेचैनी कुठल्या पुस्तकातून आली, हे मला शोधावंसं वाटत नाही.

एक उसनवारी मात्र त्याने स्वतःच्या हाताने नोंदवून ठेवली आहे. ‘कॉमेडी’च्या कितीतरी आधी, तरुणपणी, दान्तेने बेआत्रिचेच्या मृत्यूबद्दल लिहिलं. नऊ हा आकडा तिच्याशी जोडलेला आहे असं त्याच्या मनाने घेतलं होतं. ती गेली १२९० च्या ८ जूनला. आठ तारखेतून नऊ कसे काढायचे? फरगाणी या मुस्लिम खगोलशास्त्रज्ञाचा ग्रंथ त्याने लॅटिनमधून वाचला होता. त्यामुळे अरबांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, हे त्याला ठाऊक होतं. आपल्या कालनिर्णयातली शब-ए-मेराजही त्याच हिशेबाने आदल्या संध्याकाळी लागते. मग त्याने तीन पंचांगं समोर मांडली. सीरियाच्या रीतीने महिना नववा. स्वतःच्या ख्रिस्ती रीतीने शतकातली नऊ दशकं पूर्ण. आणि अरबांच्या रीतीने, त्या संध्याकाळी फ्लॉरेन्सवरचा सूर्य नुकताच मावळला होता, त्यामुळे नवव्या दिवसाचा पहिला तास.